नवसाचा रॅपर

होनोलुलूजवळच्या आमच्या वायपाहूत आता ज्याला त्याला आठवतं, की रॉडेल गाम्पोनिया लहानपणी त्याच्या मांडीवर खेळला होता. एवढ्या मांड्या खरंच मिळाल्या असत्या तर त्या पोराचे पाय जमिनीला लागलेच नसते. खरं विचाराल तर त्याला मांडीवर घेणाऱ्या दोघीच. एक त्याची आई लिता आणि दुसरी मी, त्याची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी डोक्यावर पाणी पडलं तेव्हा तो असा काही किंचाळला, की फादरांनी घाईघाईत आमेन उरकलं. आवाज तेव्हापासूनचा. अक्कल पुष्कळ उशिरा आली, आणि थोडी अजून यायची आहे.

आता तो रॅपर आहे. स्टेजवरचं नाव सिइत. आमच्या इलोकानोत, म्हणजे समुद्रापलीकडच्या मायदेशाच्या बोलीत, सिइत म्हणजे माशाचा काटा, घशात अडकतो तो. होनोलुलूपासून कॅलिफोर्नियापर्यंत पोरं त्या नावाचे टी-शर्ट घालून फिरतात. विद्यापीठातली माणसं त्याला बोलावतात, उंच खुर्चीवर बसवतात, 'स्थलांतरितांचा आवाज' म्हणतात, आणि तो तोंड उघडायच्या आधीच माना हलवायला लागतात. मी एकदा गेले होते. त्या मानांपैकी एकाही मानेच्या घरात कुणी हॉटेलच्या खोल्या झाडत नसावं, असं माझं मत झालं. सँडविचं मात्र बरी होती.

लिता झाडते. वाइकिकीच्या हॉटेलात, इतकी वर्षं, की तिच्या उजव्या खांद्याला आता पावसाची वर्दी आधी कळते. जुन्या साखर कारखान्याच्या धुराड्याखाली आमची दोन घरं लागून आहेत. मध्ये तारेचं कुंपण, आणि त्यावर तिचा कारल्याचा वेल, ज्याची निम्मी कारली माझ्या बाजूला लागतात, आणि ती माझीच आहेत असं मी धरून चालते. तिचा नवरा विल्फ्रेडो विमानतळावर सामान चढवायचा. तो लवकर गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत रॉडेलच्या मेंदूत ताप गेला. तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, 'बघू.' डॉक्टर 'बघू' म्हणाले की बायका वर बघतात. लितानं इस्पितळाच्या जिन्यात गुडघे टेकले आणि नवस बोलली: पोर उठलं, तर मी जिवंत असेपर्यंत दर वर्षी पवित्र सप्ताहात माझ्या घरी येशूच्या दुःखभोगाचं पारायण होईल.

पोर उठलं आणि भात मागितला.

या पारायणाला आम्ही पबासा म्हणतो. पोथी पद्यात आहे. एका बाजूच्या बाकावरून एक कडवं म्हणायचं, समोरच्या बाकावरून पुढचं. पहाटे सुरू केली की शेवटचं पान येईपर्यंत थांबायचं नाही. वाचणारे उठतात, जेवून येतात, दुसरे बसतात, पोथी चालूच. ती चालू असताना तिच्यावरून कुणी बोलायचं नाही, मग तो बिशप का असेना. चाल कुठलीही लावा, चालते. आमच्या म्हाताऱ्यांनी सिनेमाच्या प्रेमगीतांवर काटेरी मुकुट म्हटलेला मी ऐकला आहे. पण शब्द पोथीतलाच हवा. पदरचा एक शब्द घातला किंवा पोथी मध्येच तुटली, तर नवस मोडला.

लिताच्या गॅरेजात दर वर्षी हे चालायचं, आणि रॉडेल टेबलाखाली बसून पातेल्याच्या झाकणावर ठेका धरायचा. कोण श्वास कुठे घेतो, कोण घेत नाही, कुणाचा स्वर तिसऱ्या ओळीला फाटतो, त्याला सगळं पाठ. विद्यापीठातल्यांना तो सांगतो की त्याचं संगीत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर जन्मलं. न्यूयॉर्क तेव्हा त्यानं विमानातूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. त्याचं संगीत लिताच्या गॅरेजात, मुगाच्या आमटीच्या वासात जन्मलं. पण असं म्हटलं तर उंच खुर्ची कोण देईल?

त्याची पहिली गाणी मी ऐकली तेव्हा मला जपमाळ हातात घ्यावी लागली. त्यात मोठी गाडी होती, गळ्यात सोन्याची साखळी होती, आणि मुली असं काही करत होत्या की लिहवत नाही. गाडी घरात नव्हती. तो बसनं जायचा. साखळी होती ती मी बाप्तिस्म्याला दिलेली. मुलींचं म्हणाल तर त्या काळात त्याच्याशी बोलणारी एकच मुलगी होती, तीसुद्धा गणिताची वही मागायला यायची.

मग त्याचे आजोबा, लिताचे वडील, तिकडे मायदेशी गावात वारले, आणि मायलेक पुरायला गेले. लिताचं माहेर समुद्रकाठी. तिथली वाळू काळी, लोखंडाची. कुणीतरी वर सही केली, यंत्रं आली आणि वाळू उपसून जहाजात भरून परदेशी गेली. वाळू गेल्यावर समुद्र आत येणारच. समुद्राला कुणी सही मागत नाही. कबरस्तानाची एक बाजू त्यानं नेली होती. लिताच्या आईचा क्रूस भरतीच्या पाण्यात उभा होता. आजोबांना शेजारी पुरायचं ठरलं होतं. शेवटी टेकडीवर, परक्या माणसाच्या जागेत पुरलं.

परत आल्यावर रॉडेल बरेच दिवस गप्प होता. मला वाटलं, देवानं ऐकलं. नंतर त्यानं तोंड उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही. वाळूवर गाणं, वाळूवर सही करणाऱ्यांवर गाणं, पोरं आजीकडे टाकून परदेशी नोकरीला जाणाऱ्या आयांवर गाणं. हॉटेलच्या बायकांनी संप केला तेव्हा तो फुटपाथवर उभा राहून गायला. लितानं टोपी नाकापर्यंत ओढून घेतली. बाजूची बाई म्हणाली, 'कुणाचा गं हा पोरगा?' लिता म्हणाली, 'कोण जाणे.' दुपारपर्यंत सगळ्या त्याचं गाणं म्हणायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, 'माझा आहे. सकाळी जेवून आलेला नाही.'

त्यावर मला एवढंच म्हणायचं आहे, की सगळ्या जगाच्या आयांचे कष्ट गाणाऱ्या या मुलाच्या टोप्या त्याची आईच धुवायची.

आता आउरोरा दुमलावविषयी. तिची ओळख करून द्यायची गरज नाही. वायपाहूतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ती लटकलेली आहे. ती घरं विकते आणि दर नाताळला आपला फोटो छापलेलं कॅलेंडर वाटते. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत तेच हसू. आमच्या गाववाल्यांच्या मंडळाची ती अध्यक्ष. मंडळ काय करतं? राणी निवडतं, राणीला मुकुट घालतं, मग मागच्या वर्षीच्या राणीचा रुसवा काढतं. तिकडून कुणी मोठा माणूस आला की त्याला जेवण देतं. मोठा कसा झाला, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

असाच आमच्या मुलखातला एक माजी गव्हर्नर आला. वाळूवरची सही त्याचीच, हे सगळ्यांना ठाऊक. आउरोरानं हॉल घेतला, डुक्कर भाजलं, आणि त्याच्या गळ्यात फुलांच्या इतक्या माळा घातल्या की बिचाऱ्याला घास तोंडापर्यंत नेता येईना. बायकांनी रांगेत उभं राहून त्याचा हात कपाळाला लावला. ज्यांचे वाडवडील त्या काळ्या वाळूत पुरलेले, त्यासुद्धा रांगेत. मी गेले नाही. पुण्याई म्हणून नव्हे, गुडघा सुजला होता.

रॉडेलनं महिन्याभरात त्यावर गाणं काढलं. नाव कुणाचंच नव्हतं. फक्त एक बाई होती, जी दोन हातांनी हार घालते आणि तिसऱ्या हातानं फोटो काढते. आता तीन हात असलेल्या बायका वायपाहूत किती? गाणं पसरलं. शाळेतली पोरं आउरोराच्या कॅलेंडरवर तिसरा हात काढायला लागली. माझ्याही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एक दिवस हात उगवला. नातवाला विचारलं तर म्हणाला, देवदूतानं काढला असेल.

उपवासकाळातल्या शेवटून दुसऱ्या रविवारी, मिस्सेनंतर, आउरोरानं लिताला चर्चच्या पार्किंगमध्ये गाठलं. मी बाजूलाच होते. आमच्यात वयानं लहान बाईला मायेनं 'आदिंग' म्हणतात. आउरोरा तोच शब्द छडीसारखा वापरते.

"आदिंग, मी मनात काही ठेवलेलं नाही हं. मी क्षमा केली आहे."

"कुणाला, मनांग?" लितानं विचारलं. मनांग म्हणजे ताई.

"रॉडेलला. फक्त त्यानं मागायची राहिली आहे."

मग तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढला. येत्या शनिवारी तिच्या रेडिओ कार्यक्रमात रॉडेलनं तीन वाक्यं वाचायची. वाक्यं तयार होती.

"आणि नाही वाचली तर?" मी विचारलं.

"माझं काही नाही. पण बायकांची मनं दुखावली आहेत. पवित्र सप्ताहातल्या बुधवारी त्या लिताच्या गॅरेजात बसून वाचतील कशा? आणि मंडळाचा लाऊडस्पीकर... तोही दुरुस्तीला टाकायचा आहे."

"देवाची पोथी आहे, मनांग," लिता म्हणाली.

"म्हणून तर. अशा घरात ती वाचायची म्हणजे मनाला पटलं पाहिजे."

लितानं कागद घेतला, पुन्हा घडी केली आणि तिच्याच पर्सच्या तोंडाशी ठेवला. "कारली लागली आहेत," ती म्हणाली, "पाठवते."

घरी येईपर्यंत तिनं जपमाळ ओढली. मी बोलले. मी फादरांकडेही गेले. फादर म्हणाले, "मी दोन्ही बाजूंसाठी प्रार्थना करतो आहे." मी म्हटलं, "फादर, एका बाजूला बसून वाचलंत तरी चालेल." तर त्या आठवड्यात त्यांना पापनिवेदनं फार होती. मंडळाच्या बायकांना मी एकेकीला फोन केला. एकीची पाठ धरली होती, एकीचा कुत्रा आजारी होता, एकीनं फोन उचलून 'मी घरात नाही' म्हटलं. या सगळ्या लिताच्या गॅरेजात वर्षानुवर्षं जेवलेल्या. वाचायला दोघी आणि जेवायला दहा, हे मंडळाचं जुनं गणित, पण या वेळी दोघीही मिळेनात.

लिताचा नवस ज्या पोराच्या जिवासाठी, त्याच पोराच्या जिभेनं मोडायची वेळ आली होती. आणि पोरगा गॅरेजात बसून कानाला ते मोठे हेडफोन लावून मान हलवत होता. मी हेडफोन काढला.

"आंटी, मी माफी मागणार नाही," तो लगेच म्हणाला.

"कोण माग म्हणतंय?"

तो गोंधळला. त्यानं भांडणाची तयारी केलेली होती. "मग?"

"मग बुधवारी बस आणि वाच."

"मी? मला इलोकानो वाचता कुठे येतं धड?"

"तुझ्या टी-शर्टवर इलोकानो आहे."

"एक शब्द आहे, आंटी."

"तिथून सुरुवात कर."

"अख्खा दिवस? दुसऱ्याचे शब्द?"

"हो. फार कमीपणा वाटतो का? जगातल्या आयांसाठी कंठशोष करतोस. ही एक घरातली आहे, तिच्यासाठी थोडा कर."

तेवढ्यात लिता कपड्यांची टोपली घेऊन आत आली. तिनं सगळं ऐकलं असावं. टोपली खाली ठेवून ती मुलाला म्हणाली, "माझ्या आईचा क्रूस पाण्यात उभा आहे, आणि त्या माणसाला हार घालणाऱ्या बाईची तू माफी मागितलीस, तर मी रेडिओ फोडीन. हे एक. पोथी मध्ये थांबली किंवा तू तुझा एक शब्द जरी त्यात कोंबलास, तर या घरात पाय ठेवायचा नाही. हे दुसरं. आणि स्वतःचे मोजे स्वतः धू."

आयुष्यात इतकं लांब बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं. रॉडेलनं टोपी काढली.

तर तो शनिवार माफीविना गेला, आणि पवित्र सप्ताहातल्या बुधवारी पहाटे गॅरेजात आम्ही चौघं. एका बाकावर रॉडेल आणि त्याचा मित्र सेफो, समोरच्या बाकावर लिता आणि मी. सेफो सामोआचा, दाराच्या चौकटीएवढा, आपल्या चर्चच्या गायकवृंदात गाणारा. त्यांच्या पंथात आमचे संत चालत नाहीत, पण त्यानं मुकाट्यानं गुडघा टेकला. पोथीतला एक शब्द त्याला कळत नव्हता. आमच्या मंडळातल्या निम्म्या बायकांनाही कळत नाही. फरक एवढाच, की त्यानं आधीच कबूल केलं.

मंडळाचा लाऊडस्पीकर दुरुस्तीला गेल्यामुळे रॉडेलनं आपले आणले, कपाटाएवढे. पहिल्या कडव्याला गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. समोरच्या घरातला दिवा लागला. मंडळाच्या स्पीकरवर इतकी वर्षं पोथी कण्हायची; या वर्षी ती पार हायवेपर्यंत गेली.

सकाळभर रॉडेल अडखळत होता. जीभ इंग्रजीला सोकावलेली, आमचे लांबलचक शब्द तिला झेपेनात. लिता कडवं संपवून त्याच्याकडे पाहायची, आणि तो कपाळावरचा घाम पुसून पुढे जायचा. त्याच्या स्वतःच्या गाण्यात अडखळला की तो काहीतरी घालून वेळ मारून नेतो, लोक टाळ्या वाजवतात. इथे ती सोय नव्हती. पण ऊन गॅरेजात शिरेस्तोवर त्याला टेबलाखालचा ठेका सापडला. मग पोथी धावायला लागली. कुठे श्वास घ्यायचा ते त्याला ठाऊकच होतं. शब्द नीट कानावर पडायला लागले, एकेक सुटा, आणि मला, जन्मभर ऐकलेल्या मला, दोन ठिकाणी कळलं की इथे असं म्हटलंय होय.

रस्त्यावर रहदारी वाढली. आजारी कुत्रेवालीचा कुत्रा चार वेळा फिरून गेला, चांगला टुणटुणीत. पाठ धरलेली बाई कुंपणावरून वाकून पातेल्यात काय आहे ते बघून गेली. पातेल्यात मुगाची आमटी होती, शेवग्याचा पाला आणि सुकट घातलेली, आणि नारळाच्या दुधातल्या तांदळाच्या गोळ्या. हाताशी आल्याचा काढा.

दुपारनंतर सेफोला कामावर जावं लागलं. तो सुरक्षारक्षक आहे, त्याच्या साहेबाला पोथी सांगून चालत नाही. जाताना त्यानं माझ्या कपाळाला कपाळ लावून निरोप घेतला. थोड्या वेळानं लिताचा आवाज गेला, एकदम, नळाचं पाणी जावं तसा. ती उठून चुलीपाशी गेली, कारण जेवणही ठेवायलाच हवं. राहिलो दोघं: त्या बाकावर रॉडेल, या बाकावर मी. माझा आवाज म्हणजे काय, कावळ्यानं नोव्हेनाची प्रार्थना म्हणावी तसा.

तेव्हा आउरोरा आली. मागे मंडळाच्या दोघी, एकीच्या हातात दुकानातला केक, दुसरीच्या हातात फोन, चालू. आउरोरानं काळा झगा घातला होता, सांत्वनाला जातात तसा. तिचा हिशेब सरळ होता: दुपारपर्यंत पोथी बंद पडलेली असणार, लिता रडत असणार, मग आपण जाऊन डोक्यावरून हात फिरवायचा, आणि पोरानं कॅमेऱ्यासमोर तीन वाक्यं म्हटली की आपल्या बायका बसवून पोथी पुन्हा सुरू करायची. पुन्हा सुरू केलेली पोथी देवाला चालते की नाही, हा प्रश्न तिला पडला नसावा. घर विकताना तडे रंगवतात, तसंच काहीसं.

पण पोथी चालू होती. आणि चालू पोथीवरून बोलता येत नाही, हे आउरोरालाही आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. ती फटीची वाट बघत उभी राहिली. माझं कडवं संपलं, तिनं तोंड उघडलं, तर रॉडेलचं सुरू. त्याचं संपलं, तिनं पुन्हा उघडलं, तर माझं. हायवे ओलांडायला निघालेली कोंबडी जशी एक पाय पुढे टाकते आणि मागे घेते, तसं तिचं चाललं. हातातला रुमाल पिळून दोरी झाला. फोनवालीला कळेना की चित्रण करायचं ते कशाचं.

रॉडेलनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

मी त्याला ओळखते. त्याच्या तोंडासमोर मायक्रोफोन होता, मागे कपाटाएवढे स्पीकर, समोर तीन हातांची बाई आणि तिच्या स्वतःच्याच खर्चानं आणलेला कॅमेरा. पोथीत येशूला क्रूसावर धाडणारा पिलात लोकांसमोर हात धूत होता. एक शब्द, एक नाव मध्ये सरकवलं असतं तरी ओळ बसली असती, ठेका चुकला नसता, आणि संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या बेटानं ऐकलं असतं. त्याचे ओठ हललेसुद्धा. चुलीपाशी लिता डाव हातात धरून उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पोथीकडे बघत होती.

त्यानं मान खाली घातली आणि पोथीतली ओळ म्हटली. आहे तशी.

आणि नेमका माझा आवाज गेला. माझं कडवं आलं, मी तोंड उघडलं, नुसती हवा. काढ्याचा घोट घेतला, पुन्हा हवा. गॅरेजात एवढी शांतता झाली की आमटीचे बुडबुडे ऐकू आले. रॉडेल दोन्ही बाजू म्हणू शकत नाही. समोरून उत्तर आलंच पाहिजे. लितानं घसा खाकरला, तिथेही काही नव्हतं. मी पोथी उचलली आणि आउरोराकडे वळवून धरली.

आता ती का बसली, यावर मंडळात पुढे फार छान छान बोललं गेलं. खरं मी सांगते. फोन चालू होता. बोलली नसती, तर येशूचा दुःखभोग आउरोरा दुमलावच्या पायाशी येऊन थांबला असता, तेही चित्रित होऊन. आणि शिवाय आमच्या आज्या सांगायच्या, ज्याच्यासमोर पोथी तुटते त्याच्या घरात वर्षाच्या आत प्रेत निघतं. आउरोरा देवाला फारशी भीत नाही, पण आज्यांना भिते.

तिनं बाकावर बूड टेकलं आणि कडवं उचललं.

आवाज चांगला आहे तिचा. खोटं कशाला बोलू? घंटेसारखा. देव कुणाला काय देतो आणि ते लोक त्यानं घरं विकतात. रॉडेलनं पुढचं कडवं जरा जलद घेतलं. तीही जलद आली. त्यानं आणखी ओढलं. ती सुटली नाही. मग ते दोघं असे काही भिडले, की केकवाली केक खाली ठेवून तिच्या शेजारी बसली आणि फोनवालीनं फोन पर्समध्ये टाकला. पिलातपासून क्रूसापर्यंत आणि क्रूसापासून कबरीपर्यंत एकमेकांचं तोंड न बघणारी ती दोन माणसं एकमेकांना उत्तरं देत राहिली, आणि दोघांनाही स्वतःचं एक अक्षर बोलता आलं नाही. माझ्या मते त्या दिवशीचा हाच खरा आशीर्वाद.

दिवेलागण होऊन गेल्यावर पोथी संपली. लितानं क्रूसाची खूण केली आणि खुर्चीवर बसली ती बराच वेळ उठली नाही. तोपर्यंत रस्त्यावरची सगळी दुखणी बरी झाली होती. पाठवाली, कुत्रेवाली, घरात नसलेली, सगळ्या आल्या, आईस्क्रीमचे रिकामे डबे घेऊन, घरी न्यायला. लितानं डबे भरले. मी असते तर झाकणं भरली असती.

आउरोरा रॉडेलसमोर थांबली. आता बोलायला वाट मोकळी होती. तिनं तोंड उघडलं, तर तिचाही आवाज गेलेला. तिनं हातानंच काहीतरी खूण केली. तिचा अर्थ तिला, नाहीतर देवाला. मग डबा घेतला आणि गेली.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं लिताच्या स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसलो. आउरोराचा कार्यक्रम लागला. घसा बसलेलाच, पण हसू ऐकू येत होतं. ती म्हणाली, यंदा वाचक कमी असूनही मंडळानं दुःखभोगाचं पारायण अखंड पार पाडलं. काही तरुणांनीही मदत केली. मग घराच्या कर्जाची जाहिरात लागली.

रॉडेल खुर्चीतून उठला. हात पुढे करून, स्टेजवर करतो तसा, त्यानं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तीन दिवस झाले होते, घशातून नुसती शिट्टी निघत होती. त्या आठवड्यात विद्यापीठात त्याचा कार्यक्रम होता, तो रद्द झाला. तिथल्यांनी पत्रक काढलं, की आवाज दाबला जातो आहे. दाबला होता तो पोथीनं, आणि आल्याच्या काढ्यानंही सुटत नव्हता, एवढंच.

लितानं त्याच्यासमोर काढ्याचा पेला ठेवला.

"पी," ती म्हणाली. "मंडळानं केलं, तर मंडळानं केलं. आता तिनं रेडिओवर सांगितलंय, म्हणजे पुढच्या वर्षी तिला नाही म्हणता यायचं नाही. तिकडच्या बाकावर तीच बसेल."

रॉडेलनं मानेनं ठाम नकार दिला.

"तू कुठे बसायचं ते मी विचारलेलं नाही," लिता म्हणाली. "आणि तिच्यावर गाणं गायचं तर गा. पण पवित्र सप्ताहात नको, तिचा आवाज मला लागतो."

मला हसू आलं, ते खोकल्यावर निभावलं. रॉडेल काढा प्यायला. मग लितानं त्याच्यापुढे बुधवारचं मोठं पातेलं सरकवलं, तळाला मूग करपलेलं, आणि तो मोरीपाशी जाऊन ते घासायला लागला. स्थलांतरितांच्या आवाजाला पातेलं घासता येत नाही. मी ते परत घासलं.